उपनगर नावाचा थांबा

नाशिकरोडजवळच्या दत्तमंदिराच्या थांब्यावर एक मावशी बसमध्ये चढल्या. कंडक्टरनं तिकिटाचं मशीन पुढं करत विचारलं, "कुठं?" मावशी म्हणाल्या, "नाशिकला."

बस नाशकातच होती. दत्तमंदिर महापालिकेच्या हद्दीत येऊन चाळीस वर्षं उलटली, मावशींच्या घरपट्टीवर नाशिक महानगरपालिकेचंच नाव असणार. तरी कंडक्टर हसला नाही. त्यानं काही न विचारता जुन्या नाशकातल्या शालिमारचं तिकीट काढून हातात दिलं. माझ्याबरोबर एस. वाय.चे अकरा विद्यार्थी होते, नागरी भूगोलाच्या क्षेत्रभेटीला निघालेले. त्यातल्या नाशिकरोडच्या मुलांना यात काही वेगळं वाटलंच नाही. कॉलेजरोडला राहणाऱ्या एका मुलीनं मात्र भुवया वर केल्या. तिला म्हटलं, वहीत पहिलं निरीक्षण हेच लिही. शहरातला माणूस शहरातून शहरात जाताना शहराचं नाव घेतो, म्हणजे त्याच्या लेखी ते शहर अजून पुढं आहे. उलट बाजूनंही तसंच. मेनरोडवरचा दुकानदार स्टेशनकडं निघाला की म्हणतो, "रोडला जाऊन येतो." टपाल खात्याचंही तेच मत दिसतं. जुन्या नाशिकचा पिनकोड 422001, तर नाशिकरोडचा 422101, आणि पत्त्यात आजही गावाच्या नावाच्या जागी 'नाशिकरोड' लिहितात.

आमचं प्रकरण एवढंच होतं: जुन्या नाशकाकडच्या द्वारका चौकापासून नाशिकरोडच्या बिटको चौकापर्यंतचा पट्टा. रेल्वे स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब पडलं. मग मधली जागा कोणी भरली, कधी आणि का? शहर कसं वाढतं हे शिकवायला नाशकात याहून चांगला नमुना मला तरी सापडलेला नाही. शिवाय एका बसच्या तिकिटात तो पाहून होतो.

रेल्वेनं गावाला टाळलं का?

नाशिकरोडचा कोणीही जुना माणूस सांगेल की गावातल्या मंडळींनी विटाळाच्या भीतीनं रेल्वेला विरोध केला, म्हणून स्टेशन लांब गेलं. अशी गोष्ट भारतातल्या निम्म्या तीर्थक्षेत्रांबद्दल सांगतात. खरी असेल, नसेल, पण तिची गरज पडत नाही. मी मुलांना नकाशा दिला आणि इगतपुरी ते मनमाड पट्टी ठेवून रेघ मारायला सांगितली. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे थळ घाट चढून इगतपुरीला वर येते. घाटाचा तो टप्पा 1865 साली सुरू झाला. तिथून तिला जायचंय मनमाड, भुसावळकडं. मुलांनी मारलेली सरळ रेघ नाशिकरोडच्याही दक्षिणेकडून गेली. म्हणजे रेल्वेनं नाशिकला टाळलं हे अर्धंच खरं. ती नाशिकसाठी थोडी उत्तरेला वाकून आली, फक्त गावाच्या वेशीपर्यंत आली नाही. गावापर्यंत यायचं तर आणखी वळण घ्यावं लागलं असतं, आणि गोदावरी गावाजवळ ओलांडायची तर तिथं काठ उंचसखल, टेकड्यांचा. आज गाडी नाशिकरोड सोडल्यावर ओढा स्टेशनच्या अलीकडं नदी ओलांडते, सपाटीवर.

मुळात गाव तिथं का होतं हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. भूगोलात वसाहतीबद्दल दोन प्रश्न वेगवेगळे विचारतात. पायाखालची जमीन कशी आहे? आणि आजूबाजूच्या मुलखाच्या हिशेबात ती जागा कुठं पडते? पहिल्या प्रश्नाचं नाशिकचं उत्तर म्हणजे नदीचं वळण, उतरायला सोपा घाट आणि काठावरच्या टेकड्या. 'नवशिखरा'वरून नाशिक झालं असं मानणारेही आहेत. टेकडीवर घर, खाली पाणी, पूर आला तरी उंबरा कोरडा. जुन्या गढीच्या पांढरीत 1950-51 साली पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी उत्खनन केलं ते याच वस्तीच्या थरांवर. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पांडवलेण्यांत कोरलेलं आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात यानं तीन हजार कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडं (संघांकडं) ठेव म्हणून ठेवली. दोन हजार महिना शेकडा एक दरानं, एक हजार पाऊण दरानं. लेण्यातल्या भिक्षूंचा खर्च व्याजावर चालायचा. ज्या भागातल्या कारागिरांकडं व्याजानं ठेव ठेवता येते तो भाग नुसता तीर्थाचा नाही. कोकणातली बंदरं आणि पैठणकडचा देश यांच्यामधल्या वाटेवर ही बाजारपेठ बसलेली होती. बैलाला आणि माणसाला नदीचा उतार लागतो. इंजिनाला लागतो चढ-उतार नसलेला रस्ता. दळणवळण बदललं तशी 'मोक्याची जागा' ही नऊ किलोमीटर आग्नेयेला सरकली. गाव मात्र होतं तिथंच राहिलं.

दुसरं गाव

हा फट पडलेला नकाशा जोडायचा पहिला प्रयत्न ट्रामचा. 1890च्या आसपास मेनरोड ते स्टेशन अशी ट्राम होती, सुरुवातीला घोडे ओढायचे. ती 1930च्या दशकात बंद पडली. वाटेत उतरायला काहीच नव्हतं. यात्रेकरू स्टेशनला चढायचा तो थेट पंचवटीच्या ओढीनं गावात उतरायचा, मधे शेतं. दोन टोकांनाच गिऱ्हाईक असलेल्या वाहनानं मधे वस्ती वाढत नाही, हे मला त्या ट्रामच्या गोष्टीतून कळलं. वस्ती वाढवणारं वाहन ते, जे मागेल तिथं थांबतं.

नाशिकरोडला मात्र वस्ती झपाट्यानं उभी राहिली, आणि ती गावाच्या जोरावर नाही. पलीकडं देवळालीला लष्कराची छावणी होती. इंग्रज शिपाई मायदेशी जायच्या बोटीची वाट पाहत तिथं इतके कंटाळायचे की डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत 'डूलाली' म्हणायला लागले. देवळालीकरांना हा मान सहसा सांगवत नाही. मग 1925 साली इंडिया सिक्युरिटी प्रेस आली आणि 1928 साली नोटांचा छापखाना. टपालाची तिकिटं, मुद्रांक, नोटा हे सगळं देशभर जाणार, त्यासाठी रेल्वे शेजारी हवी, आणि भिंत घालून राखता येईल अशी मोकळी जमीन हवी. दोन्ही गोष्टी जुन्या नाशकात नव्हत्या. तिथल्या तांबट गल्लीतून हातगाडी वळवायलाही समोरच्याला 'जरा थांबा' म्हणावं लागतं.

प्रेसच्या पगारावर बिटकोचा बाजार उभा राहिला. स्वतःचे डॉक्टर, स्वतःची कापडाची दुकानं, स्वतःची थिएटरं. नाशिकरोड-देवळालीची नगरपालिकाही वेगळी होती. पुस्तकात याला उपकेंद्र म्हणतात, पण उपकेंद्र म्हटलं की ते मुख्य केंद्राच्या पोटातून निघालं असं वाटतं. हे तसं नव्हतं. ही एका नदीखोऱ्यात राहणारी दोन गावं होती. एकाचं पोट बाजारावर आणि देवावर, दुसऱ्याचं रुळावर आणि सरकारी शिफ्टवर.

आजोबांचा प्लॉट

मधल्या पट्ट्यात एका थांब्याचं नाव 'उपनगर' आहे. विशेषनाम म्हणून. उपनगर नाका, उपनगर पोलीस स्टेशन. बाहेरगावच्या माणसाला हे विनोदी वाटतं, जसं एखाद्या गल्लीचं नाव 'गल्ली' असावं. पण नावात इतिहास आहे: कधीतरी हे कोणाचं तरी उपनगर होतं. नेमकं कोणाचं, यावर माझे विद्यार्थी बसमध्येच भांडले.

एका विद्यार्थिनीचे आजी-आजोबा तिथंच राहतात. आजोबा प्रेसमधून निवृत्त झालेले, आजी जुन्या नाशकातल्या एका शाळेतून. त्यांनी आम्हाला ओसरीवर बसवलं आणि चहाच्या आधी एक फायबरची फाईल बाहेर आणली. तिच्यात 1974 चं खरेदीखत. चार गुंठे. सोबत बटर पेपरवरचा हातानं काढलेला ले-आउट, मधोमध 'गाडी रस्ता' लिहिलेला. शेजारच्या गटाच्या जुन्या सातबाऱ्यावर पीक: बाजरी.

"इथं काय होतं तेव्हा?" एकानं विचारलं.

"काही नव्हतं," आजी म्हणाल्या. "दळण आणायला यांना सायकलवरून बिटकोला जावं लागायचं. कॅरिअरला डबा बांधून. एकदा सगळं पीठ रस्त्यात सांडलं, तर हे डबा घेऊन घरी आले आणि म्हणाले, आज भात कर."

"मग इथं जागा का घेतली? चांगली वाटली म्हणून?"

आजोबांनी चष्मा काढला. "चांगली कसली! हिला तिकडं जायचं, मला इकडं. दोघांना सारखाच त्रास व्हावा म्हणून घेतली."

मुलं हसली. मी मात्र फळ्यावर लिहावं तसं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं, कारण नागरी भूगोलातली एक अख्खी चर्चा त्यात आली होती. नंतर बसमध्ये तीच मुलांना आकड्यांत करायला लावली.

रेघेच्या एका टोकाला जुनं नाशिक, दुसऱ्या टोकाला नाशिकरोड. अंतर नऊ किलोमीटर धरू. नवरा रोडला कामाला, बायको नाशकात. घर नाशकात घेतलं तर एकाचं अंतर शून्य, दुसऱ्याचं नऊ, बेरीज नऊ. घर रोडला घेतलं, तरी बेरीज नऊ. मधोमध घेतलं, साडेचार आणि साडेचार, पुन्हा नऊ. रेघेवर कुठंही उभे राहा, दोघांची मिळून तंगडतोड तेवढीच. टोकांच्या पलीकडं गेलात तरच ती वाढते. म्हणजे दोन पगारांच्या घराला प्रवासाच्या हिशेबानं या पट्ट्यात सगळ्या जागा सारख्या. मग निवड कशावर होणार? जमिनीच्या भावावर. आणि भाव कुठं कमी? दोन्ही बाजारांपासून लांब, म्हणजे बरोबर मधे.

1964 साली अलोन्सो या नगर-अभ्यासकानं मांडलेलं गणित हेच सांगतं: माणूस जमिनीची किंमत आणि जाण्यायेण्याचा खर्च एकमेकांसमोर तोलतो. बाजारपेठेजवळ भाडं चढं, दूर गेलं की उतरतं. त्याचा आलेख डोंगरासारखा, एका शिखराचा. नाशकात त्या आलेखाला दोन शिखरं होती आणि मधे खिंड. ज्या घरात एकच कमावता होता त्याला खिंडीत जायचं काही कारण नव्हतं, तो आपल्या शिखराच्या पायथ्याशी राहिला. खिंड भरली ती दोन टोकांना पाय असलेल्या कुटुंबांनी. आजोबांच्या गल्लीत पहिली घरं कोणाची, असं विचारल्यावर त्यांनी बोटावर मोजून सांगितलं: प्रेस आणि पोस्ट, प्रेस आणि शाळा, रेल्वे आणि दवाखाना. एक घर निव्वळ प्रेसवाल्याचं. "त्याला सासऱ्यानं प्लॉट दिला होता," आजोबा म्हणाले. अपवादालाही कारण असतंच.

इथं एक गोष्ट पुस्तकात सहसा नसते, ती मुलांनी स्वतः टिपली. खिंड सगळीकडं सारखी भरली नाही. गांधीनगरजवळ लष्कराची हवाई पट्टी आहे, मोठमोठ्या कुंपणांमागं सरकारी जमिनी आहेत. ही जमीन बाजारात येतच नाही, मग भाव चढो की उतरो. नासर्डी नदीच्या काठाचं वेगळंच: पूर येईल तेवढी जमीन कायद्यानं रिकामी, आणि भाडं परवडत नाही त्यांनी ती भरलेली. ओळीनं घरं, मग अचानक कुंपण, मग पुन्हा दुकानं. शहर वितळलेल्या मेणासारखं पसरतं असं आपण बोलतो. मला ते गोधडी शिवल्यासारखं वाटतं. तुकडे आधीच कापलेले असतात आणि काही तुकडे गोधडीत येतच नाहीत.

शेती सुटली तीही एकदम नाही. जनगणनेत एखाद्या वसाहतीला शहर म्हणायचं तर तीन गोष्टी लागतात: किमान 5,000 लोक, चौरस किलोमीटरला किमान 400 ची घनता, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात. इथल्या आसपासच्या खेड्यांत घरांच्या आधी ही तिसरी अट हलली. आजोबांना प्लॉट विकणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा तेव्हाच रोडला नोकरीला होता. रान होतं, पण रानात उतरणारा माणूस राहिला नव्हता. झालरक्षेत्र म्हणतात ते हेच. लुगड्याचा पदर कुठं संपतो आणि झालर कुठं लागते हे ज्याला दाखवता येईल त्यानं दाखवावं.

मग 7 नोव्हेंबर 1982 ला नाशिक महानगरपालिका झाली. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि आसपासची खेडी एका हद्दीत आली. देवळालीची छावणी आणि भगूर मात्र बाहेर राहिले, ते आजही आपापला कारभार बघतात. म्हणजे हद्दीच्या रेघेनं एक शहर केलं, पण ती रेघ आखली तेव्हा आत काही शहरं होती, काही खेडी आणि भरपूर द्राक्षबागा. एकमेकांकडं वाढत जाऊन चिकटलेल्या गावांच्या अशा घोळक्याला नगररचनाकार पॅट्रिक गेडिसनं 1915 साली स्वतंत्र नाव दिलं. मराठीत त्याला सन्नगर म्हणतात. हा गेडिस नंतर मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला होता. महापालिकेचं क्षेत्र सुमारे 260 चौरस किलोमीटर आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे 14 लाख 86 हजार. भागाकार केला तर चौरस किलोमीटरला 5,700 च्या आसपास माणसं येतात. या सरासरीत भद्रकालीची गल्लीही आहे आणि मखमलाबादची बागही. तिचा उपयोग परीक्षेपुरता.

वर्तुळं आणि पाचर

अभ्यासक्रमात शहराच्या रचनेची तीन प्रतिमानं आहेत, तीनही अमेरिकेत जन्मलेली, आणि मुलं ती वर्तुळ-पाचर-ठिपके अशी पाठ करतात. बर्गेसनं 1925 साली शिकागो पाहून सांगितलं की शहर मध्यवर्ती बाजारापासून वर्तुळा-वर्तुळानं बाहेर वाढतं, आणि बाजाराला लागून असतं ते संक्रमणाचं वर्तुळ: मालक निघून गेलेले, भाडेकरू राहिलेले. हे वर्तुळ नाशकात आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यांत चला. चौकातल्या तुळशीवृंदावनाला टेकून स्कूटर लावलेली, वरच्या माडीला बल्लीचा टेकू, आणि मालक कॉलेजरोडला. दर पावसाळ्यात एखादा वाडा ढासळल्याची बातमी येतेच. काझी गढीची माती दरवर्षी थोडी खाली येते आणि वरच्या लोकांना नोटिसा जातात. मात्र त्याच्या बाहेरची वर्तुळं शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. आग्नेयेला जाल तर खिंड आणि मग दुसरं शिखर.

होयटची 1939 सालची पाचर नाशकात झक्क बसते, निदान एका बाजूला. सधन वस्ती एकदा एका दिशेला निघाली की त्याच दिशेला पुढं सरकत राहते, असं त्याचं म्हणणं. गंगापूर रोड बघा. कॉलेजरोड, महात्मानगर, आनंदवल्ली, सोमेश्वर, थेट गंगापूर धरणाच्या अंगाला. दिशा योगायोगाची नाही. ती नदीच्या वरच्या अंगाची दिशा आहे. पिण्याचं बरंचसं पाणी तिकडून येतं. शहराचं सांडपाणी उलट बाजूला जातं, आणि ते शुद्ध करणारी बहुतेक केंद्रंही तपोवन, आगरटाकळी, चेहेडी अशी खालच्या अंगाला. ज्याला निवडता येतं तो वरच्या अंगाला घर बांधतो. खेड्यातला पाणवठाही असाच वाटलेला असायचा, आणि कोण वर भरायचं, कोण खाली, हे सांगायला नको.

तिसरं, हॅरिस आणि उलमन यांचं 1945 सालचं: शहराला एकाहून जास्त केंद्रं असतात, कारण काही कामांना खास जागा लागते, काही एकमेकांच्या सोबतीनं राहतात, काही एकमेकांचं तोंड पाहू शकत नाहीत आणि काहींना मोक्याचं भाडं परवडत नाही. प्रेसला रूळ हवे होते. सराफाला सराफाचा शेजार हवा. छपाई, लष्कर आणि रामकुंडावरचा पिंडदानाचा विधी एका गल्लीत नांदणं अवघड. एवढं सगळं नाशकात जागेवर दाखवता येतं, म्हणून मी हे प्रतिमान जास्त ओढतो, हे कबूल. पण त्यातली एक उणीव द्वारका ते बिटको या पट्ट्यानं दाखवली. केंद्रं कशी तयार होतात हे ते प्रतिमान सांगतं. दोन केंद्रांच्या मधे राहणाऱ्या माणसाचं काय, याबद्दल त्याच्याकडं फारसं बोलायला नाही. आणि शहरातले बहुतेक लोक कुठल्या ना कुठल्या दोन केंद्रांच्या मधेच राहतात.

नाशिकपुरती आणखी एक भर घालावी लागते, ती पंचांगाची. तपोवनात साधुग्रामासाठी जागा मोकळी ठेवावी लागते, बारा वर्षांतून एकदा भरणाऱ्या शहरासाठी. 2015 चा सिंहस्थ झाला, आता 2027 चा. प्रत्येक सिंहस्थाला रस्ते रुंद होतात, पूल होतात, आणि पुढची अकरा वर्षं घरं त्या रस्त्यांच्या मागं धावतात. बर्गेसच्या शिकागोला असा प्रश्न नव्हता.

मध्य सरकला

आजी-आजोबांचा मुलगा अंबडला एका कारखान्यात आहे, सून शालिमारजवळ एका बँकेत. मुलीचं सासर नाशिकरोडजवळच्या जेलरोडला, तिथून ती रोज आईकडं डोकावते. मुलगा-सून आठ वर्षांपूर्वी इंदिरानगरला फ्लॅट घेऊन गेले. आजोबांना याचं वाईट वाटलेलं दिसलं. "चार गुंठे असताना फ्लॅट?" असं ते दोनदा म्हणाले.

पण गणित तेच आहे, फक्त टोक एक वाढलं. औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली झालं. त्यानंतर सातपूर आणि पुढं अंबडला कारखान्यांच्या वसाहती आल्या. त्यांच्या शेजारी सिडकोनं नवीन नाशिक वसवलं, टप्प्याटप्प्यानं सहा योजनांत: पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक. कामगाराला परवडेल असं बैठं घर, ज्यावर पुढच्या पिढीनं मजला चढवला, मग त्यावर पत्र्याची खोली. नाशिकची लोकसंख्या 1991 साली साडेसहा लाखांच्या थोडी वर होती, 2001 ला पावणेअकरा लाख झाली. यातला मोठा भार पश्चिमेनं उचलला. जुनं नाशिक, रोड आणि अंबड हा आता त्रिकोण झाला. तीन टोकं झाली की बेरीज सगळीकडं सारखी राहत नाही, त्रिकोणाच्या पोटात एक ठिकाण असं निघतं जिथून तिन्हीकडं जाण्याची बेरीज सगळ्यात कमी. अर्थशास्त्रज्ञ वेबरनं 1909 साली कारखान्याच्या जागेसाठी हा त्रिकोण मांडला होता. मुलांनी तो घरासाठी मांडला आणि कर्कटकानं चाचपडत बोट ठेवलं ते इंदिरानगर-वडाळ्याच्या आसपास. त्या घराण्याचा एक धागा अंबडला, एक शालिमारला, एक जेलरोडला. मुलगा भलतीकडं गेलेला नाही. वडिलांनी 1974 साली जे केलं तेच त्यानं केलं.

फरक एवढाच की वडिलांना खिंडीत स्वस्त जमीन मिळाली. मुलाला मिळाला वीस वर्षांचा हप्ता आणि रोज सकाळी इंदिरानगरच्या बोगद्यापाशी थांबून राहणं. आपापल्या टोकांकडं निघालेले सगळे त्या एकाच बोगद्यातून जाऊ बघतात. द्वारकेचंही असंच. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन महामार्ग तिथं मिळतात, वरून उड्डाणपूल गेला, पण खालची गर्दी हलली नाही. आम्ही चौकात अर्धा तास उभे राहिलो. मुलांना वाटलं होतं ट्रक मोजावे लागतील. डोळ्यांत भरल्या त्या दुचाक्या, पाठीला डब्याची पिशवी. ही वाहतूक पुण्याची नाही की आग्र्याची नाही. ही दोन गावांमधली रोजची ये-जा आहे. ट्राम बंद पडली, पण जिच्यासाठी ती आली होती ती गरज संपलेली नाही, उलट मधे थांबे वाढले.

क्षेत्रभेट संपल्यावर प्रत्येकाला कोऱ्या नकाशावर शहराच्या मध्याचा ठिपका द्यायला सांगितला. सहा जणांनी सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकावर दिला. सिडकोतल्या दोघांनी त्रिमूर्ती चौकावर, आणि ते मनापासून. नाशिकरोडच्या दोघांनी दोन ठिपके दिले. नियम मोडला म्हणून मी गुण कापणार होतो, कापले नाहीत. आजी-आजोबांच्या नातीचा नकाशा कोरा होता. तिनं कारण दिलं: आजीला विचारून सांगते.

निघताना आजोबांनी फाईलमधून अजून एक कागद काढला. बिल्डरचा प्रस्ताव. जुनं घर पाडून सात मजले, त्यांना दोन फ्लॅट आणि बांधकाम होईपर्यंतचं भाडं. सोबत त्याच्या आधीच्या प्रकल्पाचं चकचकीत माहितीपत्रक. त्यात एक ओळ ठळक अक्षरात: 'नाशिक शहराच्या मध्यवर्ती भागात, सर्व सोयींच्या जवळ.' आजोबांनी ती मोठ्यानं वाचली, आजींकडं बघितलं, आणि खरेदीखताला टाचणीनं लावलेली, पिवळी पडलेली एक जाहिरातीची चिठ्ठी आमच्यापुढं धरली. 1974 साली प्लॉट विकताना वाटलेली. तिच्यावर होतं, 'गावापासून लांब, शांत.'